सतरा झाल्या, आठ राहिल्या

«काकू, आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. सासूबाई ६३ वर्षांच्या. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, आणि या माघात अचानक अंगावरून लाल जायला लागलं. तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. कागदावर स्टेज ‘टू बी’ आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. २५ सिकाया (रेडिएशनला, म्हणजे किरणांच्या उपचाराला, इकडे सिकाई म्हणतात), आठवड्याला एक केमो आणि नंतर चार ‘अंदर वाली सिकाई’ असं सांगितलं. सतरा झाल्या. लाल जाणं पूर्ण थांबलं. आता त्या म्हणतात, ‘मला बरं वाटतंय, पुरे झालं.’ जुलाबांनी बेजारही झाल्या आहेत. त्यातच इंदूरला नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, आठ दिवस जायचं म्हणतात. पुण्याचे भावजी सांगतात की सिकाई हा शेवटचा उपाय, डॉक्टरांनी हात टेकलेत. त्यांच्या ओळखीचे एक सर्जन पिशवी काढायला तयार आहेत. आतल्या सिकाईचं तर सासूबाई नावच काढू देत नाहीत. काय करू? – एक सून.»

सूनबाई, काकू म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. सतरावी सिकाई शुक्रवारी झाली आणि तुझं पत्र माझ्या हाती बुधवारी पडलं. म्हणजे तेव्हाच तीन दिवस चुकले होते. त्याच संध्याकाळी तुला निरोप पाठवला की बाकी सगळं नंतर, उद्या सकाळी त्यांना घेऊन जा. तुझं उत्तर आलं, ‘बघते’. हे ‘बघते’ मी तीस वर्षं ऐकलंय. सिकाईच्या खात्यात डॉक्टर म्हणून नोकरी केली, आणि रोज दुपारी रजिस्टरात न आलेल्यांच्या नावापुढे फुली मारली. म्हणून सविस्तर लिहिते. घरात सगळ्यांना, विशेषतः पुण्याला, वाचून दाखव.

आधी ‘बरं वाटतंय’चं बघू. किरणांनी पेशीचा गाभा दुखावतो, पण पेशी लगेच मरत नाही. पुढच्या वेळी दुभंगायला जाते तेव्हा मरते. गाठीच्या पृष्ठभागावरच्या रक्त गळणाऱ्या नाजूक नळ्या मात्र लवकर बंद होतात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे सरले की बहुतेक बायकांचं लाल जाणं थांबतं. चांगली खूण आहे, पण ती औषध लागू पडतंय याची खूण आहे, आजार गेल्याची नाही.

सासूबाई हिशेबाच्या पक्क्या आहेत असं लिहिलंस, तर त्यांना हिशेबच दाखव. एक घन सेंटिमीटरच्या, म्हणजे भिजलेल्या काबुली चण्याएवढ्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. एक सिकाई ठरावीक आकडा मारत नाही, उरलेल्यांतला एक वाटा मारते. तो वाटा निम्मा धरू. (खरं गणित इतकं सरळ नसतं, गाठही बहुतेक चण्याहून मोठी असते, पण हिशेबाची रीत हीच.) शंभर कोटींचे सतरा वेळा निम्मे केले की साडेसात हजारांच्या वर उरतात. डोळ्याला दिसणार नाहीत, हाताला लागणार नाहीत, रक्तही काढणार नाहीत. पण प्रत्येक जिवंत. पंचवीस पुऱ्या केल्या की तिसाच्या आसपास उरतात, आणि त्यांच्यासाठी आतली सिकाई. सतराव्यावर सोडणं म्हणजे शेत नांगरून, तण उपटून, मुळं तशीच ठेवून घरी येणं.

आणि ही मुळं स्वस्थ बसत नाहीत. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की उरलेल्या पेशी आधीपेक्षा भराभर वाढू लागतात. म्हणून या आजारात पहिल्या सिकाईपासून शेवटच्या आतल्या सिकाईपर्यंत सगळं ५६ दिवसांत, आठ आठवड्यांत, संपवायची आमची धडपड असते. त्यापुढे लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण अर्धा ते एक टक्का घटते. आता लग्नाचे आठ दिवस मांड. चार ते आठ टक्के. भाचीला इतका मोठा आहेर कुणी करत नाही.

लग्नाचं एवढंच. शुक्रवारची सिकाई घेऊन रात्रीच्या गाडीने इंदूर, रविवारी रात्री परत, सोमवारी पुन्हा मशीनवर. तेही रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी हो म्हटलं तर. मी तुझ्या जागी असते तर मोबाइलवर मंगलाष्टकं ऐकवून घरूनच अक्षता टाकायला लावल्या असत्या. चुकलेल्या तीन दिवसांबद्दल आजच विचार. भरून काढायची सोय असते. कुठे शनिवारी घेतात, कुठे एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन देतात. डॉक्टर ओरडतील म्हणून लोक तोंड लपवतात आणि तीनाचे दहा दिवस होतात. ओरडू देत.

आता भावजी. हे जरा लांबेल, कारण ‘सिकाई म्हणजे हात टेकले’ हे वाक्य मी सुशिक्षितांच्याच घरांत जास्त ऐकलंय. ते आलं कुठून हेही मला माहीत आहे. एके काळी आमच्याकडे येणारा माणूस सगळीकडे फिरून, सगळं करून, अगदी शेवटी यायचा. त्याच्या दुखण्याला उतार पडावा म्हणून थोडी सिकाई द्यायचो, आणि तो काही महिन्यांनी जायचा. गल्लीने पाहिलं ते एवढंच, की सिकाईला गेला आणि वारला. जे बरे होऊन घरी गेले ते कुणाला सांगत बसले नाहीत. आपल्यात कॅन्सर होऊन गेला हे लग्नाच्या मुली असलेल्या घरात बोलतात का?

‘टू बी’ म्हणजे गाठ गर्भाशयाच्या मुखाबाहेर पडून बाजूच्या ऊतींत शिरली आहे. तिथून मूत्रवाहिन्या जातात, पुढे मूत्राशय, मागे मलाशय. सर्जन कितीही कुशल असो, तिथे कड सोडून कापायला जागा नसते. पिशवी काढली तरी काठावर पेशी राहतात आणि मग सिकाई करावीच लागते. म्हणजे ऑपरेशनचा त्रास वेगळा, सिकाईचा वेगळा, आणि दोन्ही एकाच पोटावर. १९९९ साली पाच मोठ्या चाचण्यांचे निकाल पाहून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने डॉक्टरांना खास सूचना काढली होती, की या आजारात सिकाई करायची ठरली तर सोबत केमो द्यायचा विचार जरूर करा. सासूबाईंना आठवड्याला मिळणारी केमो तीच. ती इथे मदतनीस आहे, पेशींना किरणांपुढे हळवं करते.

पुण्याला पाठवायला मुंबईचाच पुरावा घे. टाटा मेमोरियलने ६३५ बायकांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. आजार ‘टू बी’पर्यंतचाच. निम्म्यांना आधी केमो देऊन मग ऑपरेशन, निम्म्यांना सिकाई आणि सोबत केमो. पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत ६९.३ टक्के होतं, सिकाईवाल्यांत ७६.७. एकूण जगण्याच्या आकड्यात मोठा फरक नव्हता, हेही सांगायला हवं. पण आजार उलटण्यात होता, आणि तो सिकाईच्या बाजूचा होता. देशात दर वर्षी सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास दगावतात, तरी पिशवी काढून टाकली की सुटलो ही समजूत हलत नाही.

त्या सर्जनना भावजींनी एकच विचारावं: ‘ऑपरेशननंतर सिकाई लागणार नाही, असं लिहून देता का?’ आणि सतरा सिकाया झाल्याचं त्यांना सांगितलंय का, तेही. अर्धवट शेकलेल्या पोटावर सुरी चालवली तर जखम नीट भरत नाही. उपचार मध्येच मोडून शहर बदलण्यात पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी, पुन्हा रांग, आणि दहा-पंधरा दिवस हातचे जातात. तिकडचं मशीन नवं, लिनॅक, आणि इकडचं जुन्या पद्धतीचं, कोबाल्टचं, असलं काही ते म्हणाले तर सांग, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कोबाल्टवरही पिढ्यान्पिढ्या बायका बऱ्या झाल्या आहेत. लिनॅक चांगलं, पण वेळेवर पूर्ण झालेलं कोबाल्ट अर्धवट सोडलेल्या लिनॅकपेक्षा केव्हाही सरस.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. कॅन्सर झालेल्या शंभरांतल्या साधारण पन्नास जणांना कधी ना कधी सिकाईची गरज असते. काहींना बरं करायला, काहींना ऑपरेशननंतर उरलंसुरलं मारायला, काहींना नुसत्या दुखण्यासाठी. २०१५ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’च्या आयोगाने जगाचा हिशेब मांडला तेव्हा गरीब देशांत दहांपैकी नऊ जणांपर्यंत ती पोचतच नव्हती. आपण तितके गरीब नाही, पण दहा लाख लोकांमागे निदान एक मशीन हवं हा साधा दंडक लावला तर १४० कोटींना चौदाशे लागतात, आणि आहेत त्याहून पुष्कळ कमी. जी आहेत ती मोठ्या शहरांत. केमोची बाटली कुठल्याही नर्सिंग होममध्ये लटकवता येते. सिकाईला मीटर-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती लागतात, किरणांचं मोजमाप सांभाळणारा फिजिसिस्ट लागतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, कोट्यवधींचं मशीन लागतं. शिवाय पेशंट आधी भेटतो सर्जनला, आमच्याकडे तो कुणी पाठवला तरच येतो.

याची किंमत बायका कशी मोजतात बघ. स्तनातली गाठ लहान असेल तर फक्त गाठ काढून, सिकाई देऊन स्तन राखता येतो. गाठ काढलेल्या दहा हजारांवर बायकांचा हिशेब २०११ साली मांडला गेला. दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण सिकाईविना ३५ टक्के, सिकाई घेतल्यावर १९. आता तर पंधरा, काही जणींना पाचच सिकायांत भागतं. तरी आपल्या भागात कितीतरी जणींचा पूर्ण स्तन काढतात, कारण विचारलं तर ‘गाव लांब आहे, सिकाईला कोण राहणार!’ स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये तेच. सिकाईने आवाज वाचू शकला असता अशी माणसं गळ्याला भोक घेऊन आमच्याकडे यायची, ऑपरेशन झाल्यावर.

हाडांत कॅन्सर पसरलेला, भिंडकडचा एक म्हातारा शेतकरी आठवतो. चार महिने खाटेवर, कूस बदलता येईना, आणि घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की अशा दुखण्यावर बऱ्याचदा एकच सिकाई पुरते. एकच, दहा मिनिटांची. दहांतल्या सहा जणांना तरी उतार पडतो, आणि एका मोठ्या मात्रेने जितका पडतो तितकाच दहा लहान मात्रांनी. त्यांना पडला. तीन आठवड्यांनी ते स्वतः बसून बिडी ओढताना दिसले. मी बिडीवरून बोलले नाही. ते चार महिने कुणाच्या खात्यावर मांडायचे?

हे सासूबाईंना सांगायचं अशासाठी, की तुमचं घर दौलतगंजात आणि कॅन्सर पहाडीवरचा दवाखाना ई-रिक्षाच्या अंतरावर. सकाळी निघून दुपारच्या वरणभाताला घरी. त्याच बाकावर श्योपूरची, शिवपुरीची बाई बसलेली असते. पाच आठवडे मजुरी बुडालेली, मुलं शेजारणीकडे, रात्री धर्मशाळेत नाहीतर व्हरांड्यात. सिकाईचे पैसे आयुष्मान कार्डावर भागतात, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत. पण पाच आठवड्यांच्या भाकरीला कुठलं कार्ड? ती बाई मध्येच निघून गेली तर मी तिला बोल लावणार नाही. तुमच्याकडे मात्र सबब नाही, आणि हे मी मुद्दाम कडक लिहितेय.

आता आतली सिकाई. त्यांचा नकार भीतीचा थोडा आणि लाजेचा जास्त असणार. रांगेतल्या कुणी बाईने काहीतरी तिखटमीठ लावून सांगितलं असेल. त्यांना स्वयंपाकघरातच समजाव. फुलका तव्यावर शेकला जातो, पण फुगतो निखाऱ्यावर. बाहेरची सिकाई म्हणजे तवा. मूत्राशय आणि आतडं मध्ये येतं म्हणून बाहेरून एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवता येत नाही. म्हणून मग निखारा थेट गाठीजवळ न्यायचा. इरिडियम या किरणं सोडणाऱ्या धातूचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा तारेच्या टोकाला असतो. भूल किंवा गुंगी देऊन गर्भाशयात पोकळ नळ्या बसवतात, आणि मशीन ती तार नळीतून आत सरकवतं, काही मिनिटं थांबवतं, परत ओढून घेतं. जवळच्या गाठीला जबर मारा, जरा लांबच्या आतड्याला फारच कमी. चारही वेळा हेच. या आजारात आतली सिकाई गाळून बाहेरचीच जास्त दिली तर ती तिची जागा भरून काढत नाही. पंचवीस पुऱ्या करून ही टाळणाऱ्या बायका मी पाहिल्यात, आणि वर्षा-दोन वर्षांनी परत आलेल्याही.

लाजेचं काय करायचं? डॉक्टरांना आधीच सांग, की बाई डॉक्टर असतील तर बरं, दार बंद असू दे, अंगावर चादर असू दे, आणि काय करणार ते करायच्या आधी त्यांना सांगा. हे मागणं जास्तीचं नाही. तू स्वतः दारापर्यंत सोबत जा, मुलाला पाठवू नकोस. त्या त्याच्यासमोर ‘हो’ म्हणतील आणि घरी येऊन रडतील. भूल नीट द्या असंही सांग, दुखलं तर पुढच्या वेळी त्या येणार नाहीत.

जुलाब तिसऱ्या आठवड्यापासून बहुतेकींना होतात, सिकाई संपल्यावर काही आठवड्यांत थांबतात. त्यासाठी सिकाई बंद करायची नसते, डॉक्टरांना सांगून गोळी घ्यायची असते. मुगाची सैल खिचडी, मऊ भात, ताक, केळं. कच्ची कोशिंबीर, दूध, तळकट आणि सकाळच्या बेडईला सध्या सुट्टी. ओआरएस दिवसभर घोटघोट, कारण ही केमो मूत्रपिंडावर ताण टाकते आणि आपल्याकडचा वैशाख कसला असतो ते तुला सांगायला नको. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नकोस, त्याही मूत्रपिंडालाच बाधतात. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र काढू नका, त्याच वेळी दवाखाना. सिकाईआधी सांगितलं तेवढं पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची असते. भरलेलं मूत्राशय आतड्याला वर ढकलतं आणि जुलाब कमी होतात. त्यांनी ते नेटाने करावं. आणि हो, नावात सिकाई आहे म्हणून पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. हसू नकोस, माझ्या पेशंट बायकांनी ठेवलेली आहे, आणि कातडी सोलवटून आलेल्या आहेत.

तुझी मुलगी सहावीत आहे म्हणालीस. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, आणि त्याची लस ९ ते १४ या वयात देतात. बालरोगतज्ज्ञांकडे जाशील तेव्हा विषय काढ.

राहता राहिला तो ता. क., सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेला. धाकट्याला आजीपासून लांब ठेवलंय, किरणं लागतील म्हणून. आणि त्यांचं ताट-वाटी-तांब्या वेगळा मांडलाय. सूनबाई, मशीन थांबलं की किरणं संपतात, दिवा मालवल्यावर उजेड राहत नाही तसं. आतल्या सिकाईतही दाणा तारेबरोबर परत जातो, त्यांच्या अंगात काही उरत नाही. हा आजार उष्ट्यानेही लागत नाही. महिनाभर नातवाला शिवायचं नाही, आपलं ताट आपण वेगळं घासायचं, असं असताना त्या ‘पुरे झालं’ म्हणतात ते निव्वळ जुलाबांमुळे असेल असं मला वाटत नाही. आज संध्याकाळी धाकट्याला त्यांच्या मांडीवर दे. आणि ते ताट-वाटी आपल्या मांडणीत परत ठेव.